आर्लिसची काडतुसं

"डेल, छर्ऱ्यांची पिशवी केवढ्याला आणलीस?"

गॅरेजच्या दारात आर्लिस उभी होती, कानामागे पेन्सिल खोचून. डेल्मरनं काडतुसं भरायच्या यंत्राची दांडी खाली ओढली आणि ऐकू न आल्याचं सोंग केलं.

"नवरोबा, तुम्हालाच विचारतेय!"

"महागलीय थोडी."

"थोडी? छर्रे महाग, बंदुकीची दारू महाग. दुकानातलं तयार खोकं स्वस्त पडतंय, आणि तू इथं कंबर मोडून घेतोयस! बंद कर हा कारखाना."

आता हिच्यापुढं काय बोलणार, कप्पाळ! गावच्या धान्य गोदामाचे हिशेब बाईनं सगळी हयात सांभाळले होते. आणि हिशेब बरोबरच होता, डेल्मरलाही तो केव्हाच कळला होता.

गोम वेगळीच होती. दोन वर्षांपूर्वी आर्लिसच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बंदूक सोडा. तिनं डॉक्टर सोडले. तेव्हापासून डेल्मर तिच्या काडतुसांत दारू कमी घालायचा, छर्रेही कमी, म्हणजे बार उडताना खांद्याला बंदुकीची लाथ हलकी बसेल. तसली मऊ काडतुसं गावच्या दुकानात मिळत नव्हती. तिला सांगावं तर पंचाईत. "मला काय कुकुलं बाळ समजलास?" म्हणून उसळली असती आणि मुद्दाम कडक बार उडवले असते. नाहीतर नेम धरणंच सोडलं असतं. रविवारचं चकत्यांवर नेमबाजीचं मैदान सुटलं तर ही बाई खिडकीशी बसून वाळून जाईल, हे तो पुरतं जाणून होता.

"बघ बाई, तुझी मर्जी," एवढंच तो म्हणाला.

रविवारी ती दुकानातलं खोकं घेऊन मैदानात उभी राहिली. "पुल!" चकती सोडायचा इशारा देत ती ओरडली. मातीची चकती उडाली, फुटली. पहिल्याच बाराला तिचा खांदा मागं गेला. डेल्मरनं मान फिरवली. पण तिनं सगळं खोकं संपवलं, चार चकत्या तेवढ्या सुटल्या.

मैदानालगतच्या क्लबात कॉफीचा कप तिनं डाव्या हातानं उचलला. स्वयंपाकघर सांभाळणारी ट्विला हसत म्हणाली, "काय गं, आता विकतचीच ना? डेल्मरच्या गॅरेजला कुलूप?"

"छे गं!" आर्लिस सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझाच हिशेब चुकला. घरी भरलेलीच स्वस्त पडतात."

टेबलावरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आर्लिसचा हिशेब चुकला? डेल्मरनं कॉफीत आणखी साखर घातली, आधीच घातलेली असताना.

"किती स्वस्त?" कुणीतरी खवचटपणे विचारलं.

"तुला कशाला चौकशा? तू आधी दोन चकत्या फोडून दाखव!"

हशा उसळला. तीही हसली, चांगली खळखळून.

बाहेर आल्यावर तिनं पिकअपची किल्ली डेल्मरच्या हातात दिली आणि पलीकडून चढून बसली. पट्टा ओढायला हात वर नेला, तो अर्ध्यावरच थांबला. डेल्मरनं वाकून पट्टा तिच्या खांद्यावरून अलगद आणला आणि लावून दिला. तिनं त्याचा हात झटकला नाही.

"छर्रे घेऊन जाऊ या वाटेत," ती समोर बघत म्हणाली.