कफनीचं अस्तर

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या आणि समोर तलावाच्या पाण्यात तरंगबाबा उताणे पडले होते. हात पोटावर, डोळे मिटलेले, कफनी फुगलेली. ना हात मारणं, ना पाय हलवणं. पाव तास झाला तरी बुडण्याचं नाव नाही.

"पाणी कुणाला गिळतं?" बाबांचा चेला धक्क्यावरून ओरडत होता. "ज्याच्या मनात शंका असते त्याला! मनगटात बाबांचा तरणदोरा असला की पाणी माणसाला ओळखतं. आणि तुम्ही काय करता? छातीला जॅकेट बांधता. म्हणजे पाण्याला स्वतःहून सांगता की मी घाबरलोय."

लोकांनी माना डोलावल्या. मागे उभ्या असलेल्या शिवणवाल्या मावशींनी मात्र कपाळाला हात लावला.

"हे सारखे उताणेच का पडतात हो?" त्यांनी शेजारच्याला विचारलं. "एकदा पालथे होऊन दाखवा म्हणावं."

शेजारी दोन पावलं बाजूला सरकला.

मावशींचं दुकान धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. बोटीची जॅकेटं बारा वर्षं त्याच दुरुस्त करत आल्या होत्या. कुठे बक्कल तुटलेलं, कुठे पट्टा उसवलेला. त्यांची मुलगी तलावापलीकडच्या दवाखान्यात नर्स होती आणि रोज बोटीने जायची. जॅकेट तसं कुणालाच आवडत नसे. ओलसर वास येतो, कपड्यांची इस्त्री मोडते. निम्मे लोक ते अंगात घालण्याऐवजी बुडाखाली घेऊन बसत. महिन्यापूर्वी तरंगबाबा अवतरले आणि ही टाळाटाळ एकदम भक्ती ठरली. आळसाला अध्यात्माचा टेकू मिळाल्यावर मग काय विचारता! नावाड्याने तर एक दोरा बोटीच्याच नाकाला बांधला आणि बावीस माणसांच्या बोटीत पस्तीस कोंबायला सुरुवात केली. बोटच बुडणार नाही म्हटल्यावर मोजायचं कशाला?

आणि जॅकेटं? ती मावशींच्या दुकानात ढीग होऊन पडली होती. चोवीसपैकी दोन पहिल्याच आठवड्यात धक्क्यावरून गायब झाली. उरलेली फाडून त्यांच्या फोमची बाबांसाठी गादी शिवा, असं चेल्याचं फर्मान होतं. तो रोज विचारायला यायचा आणि मावशी रोज सांगायच्या, "कात्री धार लावायला टाकलीय."

मुलीशी रोज सकाळी तोच वाद.

"यातलं एक घालून जा."

"आई, मी एकटीच घातलं की सगळे वळून बघतात. दोरा बांधलाय ना मी."

"दवाखान्यात रोग्याला दोरा बांधून घरी पाठवतेस का?"

मुलगी डबा उचलायची आणि जायची तशीच. दोन माणसं एका बाजूला वळली तरी ती भरलेली बोट कलायची. ती पलीकडे लागेपर्यंत मावशी मशीनवर बसत नसत. दारात उभ्या राहत आणि जीव मुठीत धरून बघत.

शनिवारी चेला बाबांची कफनी घेऊन आला. "खालची दुमड उसवलीय. उद्या हवी. आणि एक लक्षात ठेवा, उलटी करायची नाही. शक्ती सांडते."

"बरं," मावशी म्हणाल्या आणि चेल्याची पाठ वळताच त्यांनी कफनी उलटी केली. कपडा उलटा न करता शिवणारा शिंपी अजून जन्माला यायचाय, एवढी साधी गोष्ट त्रिकालज्ञानी बाबांच्या ध्यानात आली नव्हती.

अस्तराला आठ लांब खिसे होते, छातीवर सहा आणि मानेमागे दोन. सात रिकामे. आठव्यात फोमची एक पट्टी विसरून राहिली होती, तिच्या कडेला हिरवा दोरा अडकलेला. जॅकेटं शिवायला मावशी हिरवाच दोरा वापरत, कारण एरवी तो कुणाला लागत नसे. गायब झालेली दोन जॅकेटं सापडली होती.

मावशींनी पट्टी पाण्याच्या बादलीत टाकली आणि वर कात्री ठेवली, धार लावायला टाकलेली तीच. पट्टी कात्रीसकट तरंगली. मग त्या मशीनवर बसल्या आणि आठही खिसे सपाट करून, दुहेरी टीप मारून बंद केले.

रविवारी दुपारी गर्दी जमली, पण बाबा काही पाण्यात उतरेनात. कफनी घालून धक्क्यावर डोळे मिटून बसून राहिले.

"आज पाणी मौनात आहे," चेला म्हणाला.

"पाण्याचं राहू द्या," मावशी पुढे आल्या. त्यांच्या एका हातात कोळशाची इस्त्री होती, दुसऱ्यात जॅकेट. "बाबांच्या कफनीला आत आठ खिसे आहेत. त्यात जॅकेटातला हा फोम भरला की कुणीही तरंगतं. सगळा फोम छातीला आणि मानेला, म्हणून बाबा कायम उताणे. खिसे मी काल शिवून टाकले, म्हणून पाणी मौनात. खोटं वाटत असेल तर कफनी उलटी करून दाखवा."

"शक्ती सांडेल!"

"सांडू दे. मी फडकं आणलंय."

पहिल्यांदाच गर्दीत कुणीतरी हसलं. मावशींनी चेल्याच्या पुढ्यातली तरणदोऱ्यांची अख्खी जुडी इस्त्रीच्या मुठीला बांधली, वर एक लांब दोरी बांधली आणि इस्त्री पाण्यात सोडली. ती सरळ तळाला गेली.

"दोरा खोटा नसेल हो," मावशी म्हणाल्या. "इस्त्रीची श्रद्धा कमी पडली असेल."

मग त्यांनी इस्त्री वर ओढली, जॅकेटात घट्ट बांधली आणि परत सोडली. ती तरंगली. लोक बघत राहिले. "माणूस पाण्यात इस्त्रीपेक्षा कितीतरी हलका असतो," मावशी म्हणाल्या. "त्याला एवढा आधार पुरतो. पण तो आधी अंगावर लागतो. बुडायला लागल्यावर बक्कल सापडत नाही."

नावाडी मान खाली घालून दुकानाकडे गेला आणि उरलेली एकवीस जॅकेटं उचलून घेऊन आला. "जॅकेट नाही तर बोट नाही," तो कुणाच्याही डोळ्यांत न बघता म्हणाला. "आणि बावीसच्या वर एकही नाही."

बाबांना एकाएकी पलीकडच्या काठाचं बोलावणं आलं. ते बोटीत चढले आणि त्यांनी सर्वांत आधी जॅकेट मागितलं. छातीचा पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि चेल्याला हळूच विचारलं, "मागून नीट बसलंय ना?"

त्या दिवशी दुपारच्या पाळीला निघालेली मुलगी समोरच्या फळीवर बसून हे बघत होती. मनगटातला दोरा तिने काढला नाही, पण एक जॅकेट घेतलं, अंगात घातलं आणि बक्कल लावलं.

चमत्कार दिसला की हात जोडायला घाई नको. कपडा आधी उलटा करून बघावा. आणि जो तुम्हाला जॅकेट काढायला सांगतो, त्याने स्वतः काय घातलंय ते तर नक्कीच बघावं.

बोट सुटली. ती अर्ध्यावरही पोचली नव्हती, तेव्हा मावशी मशीनवर येऊन बसल्या.