नैर्ऋत्येचं वजन

काष्टीचे आप्पासाहेब कांद्यावर वर आले आणि नगरात चार मजली इमारत बांधायला निघाले. माणूस वाईट नव्हता. फक्त समोरच्याची नड किती खोल आहे, ते बोट न घालताच ओळखायचा.

इंजिनिअर सत्यवानची नड त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखली. त्याची विधवा बहीण दीना दोन पोरांना घेऊन सासरहून बाहेर पडली होती. नकाशाच्या मोबदल्यात तिला तिसऱ्या मजल्यावरचं रस्त्याकडचं बिऱ्हाड कबूल झालं. मग आप्पासाहेबांनी मधला जिना नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात न्यायला लावला. जाड भिंती तिथेच, वर पाण्याची टाकीही तिथेच. जड ते नैर्ऋत्येला, ही त्यांची श्रद्धा. रस्त्याकडे मात्र नुसत्या खांबांवर उघडी दुकानं. तिथे श्रद्धेपेक्षा भाडं जड भरलं. सत्यवानने मुकाट्याने नकाशा बदलून दिला.

कोयनेच्या भूकंपात पडलेली घरं त्याने पाहिली होती. आता मागच्या भिंती उठल्या, पुढच्या खांबांच्या सळ्या उभ्या राहिल्या, आणि त्याला अन्न गोड लागेना.

"आप्पासाहेब, गाडीचं एक चाक रुतलं अन् बैलांनी हिसका दिला, तर गाडी सरळ जाते का?"

"गिरकी खाती."

"तसंच होईल. जमीन हलली की मागचा कोपरा घट्ट राहील, पुढची बाजू गरकन फिरेल. खांब मोडतील. पुढच्या कोपऱ्यात भिंत द्या, खालपासून वरपर्यंत."

"भिंतीला भाडं कोन देतंय?"

सत्यवान दर रविवारी चर्चला जाणारा. शेवटी वास्तूच्या भाषेतही बोलला. "तिथे ईशान्य आहे. देवघर करा. देवाला भिंती लागतातच."

"लई झाक! पर देवाला कोंडायचं कशाला? चारी अंगानं कमानी करू. गिऱ्हाईक येता-जाता दर्शन घेईल."

"मग उद्या मी काँक्रीट ओतू देणार नाही."

"नका देऊ. कानिफनाथ मिस्त्री हाय की. दीनाताईंना तेवढं कळवा, बिऱ्हाड दुसऱ्याला दिलं म्हनून." आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं.

सत्यवान विटांच्या ढिगावर बसला. आपण गेलो तर बहीण रस्त्यावर, आणि त्या बिऱ्हाडात दुसरं कुणीतरी राहायला येणारच. भिंत तेव्हाही नसणार. तो उठला, तार घेतली आणि पुढच्या खांबांच्या सळ्यांना जास्तीच्या रिंगा बांधू लागला, वीतभर अंतराच्या जागी चार-चार बोटांवर. गिरकी त्याने थांबणार नव्हती. पण खांब फुटायला थोडा जास्त वेळ लागणार होता. दीनाला पोरं घेऊन जिन्यापर्यंत पोचण्याइतका, कदाचित. जिना पार मागच्या टोकाला होता.

"बांधा, बांधा," आप्पासाहेब हसले. "लोखंड माजं, हौस तुमची."

"अजून लोखंड लागेल," सत्यवान मान वर न करता म्हणाला.