मधला ढीग

होळीच्या सुमारास एक दिवस दगडाबाईनं तुरीचा दाणा नखानं दाबून पाहिला आणि चांगल्यातही नाही, वाईटातही नाही, असा मधल्या ढिगात टाकला. समोर मनिषा बसली होती. बियाणं निवडणाऱ्या यंत्राला शिकवायला ती रोज परभणीहून यायची. पिंगळीजवळच्या त्या गोदामात दगडाबाई अठ्ठावीस वर्षं बियाणं निवडत होती. यंत्र आलं तशा बाकीच्या बाया घरी बसल्या. हिला तेवढं ठेवलं, कारण मधल्या ढिगापाशी यंत्र अडायचं.

मनिषानं तिला समजावून सांगितलं होतं. यंत्र एकेका दाण्याचा वेगळा विचार करत नाही. सारख्या दाण्यांचे ढीग करतं आणि ढिगाढिगानं ठरवतं. खात्री नसेल ते मधे टाकतं. तो मधला ढीग दगडाबाईनं फोडून बारीक ढीग करून दिले, की यंत्राला उमगेल. दगडाबाईनं होळीपासून तेच केलं. किडीच्या अंड्याचा पांढरा ठिपका असलेले, टोकाशी सुरकुतलेले, एका अंगानं फिके, असे अकरा ढीग झाले. ती कारण सांगायची, मनिषा फोटो काढून लिहून घ्यायची. आपल्याला एवढं येतं हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत ती फार खुशीत होती.

मग मधला ढीग आटत चालला. आधी टोपलंभर, मग सूपभर, मग मूठभर. रोज सूप पुढं आलं की ती आधी तळ दिसतो का ते बघायची. मॅनेजर बन्सीधरनं तिला सरळच सांगितलं होतं, मधलं काही निघेना झालं की तिचं काम संपलं.

आज सुपात एकच दाणा होता.

मनिषा खाली मान घालून म्हणाली, “मावशी, मधातच टाका. मी तसं लिहिते. उद्याबी यावं लागंल तुमाला.”

दगडाबाईनं दाणा खिडकीच्या उजेडात धरला. ठिपका होता, पण अंड्याचा नव्हता. शेंगेतच पडलेला डाग होता तो, आणि तिला तो पाहताक्षणीच कळला होता. तरी तिनं दाणा उगीच थोडा वेळ बोटांत फिरवला.

“न्हाई ताई,” ती म्हणाली. “चांगला हाय. उगवंल.”

तिनं तो चांगल्यात टाकला. मनिषानं लिहून घेतलं, पण तिच्याकडं पाहिलं नाही. उठताना दगडाबाईनं सवयीनं रिकामं सूप दोनदा पाखडलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.