शिल्लक डोस

रोह्याच्या एका कारखान्यात पाइपांचे जोड गॅमा किरणांनी तपासले जात. ते काम कंत्राटावरच्या निलेशकडे होते. रुजू होताना सुरक्षा अधिकारी सुरभी मॅडमनी त्याच्या छातीला बॅज लावून सांगितले, "हा तुमचं रक्षण करतो." बॅज किरण मोजतो, रोखत नाही, पण एवढा तपशील भाषणाच्या ओघात बसला नसावा.

निलेशने ते रक्षण जोहे गावी घरी नेले. तिथे गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यामागे मोबाइलचा टॉवर उभा राहिला होता आणि त्याच्या बायकोला, ऋतुजाला, चौथा महिना होता.

"मंग कामावर तुमी काय लावनार?"

"मला सवय हाय गो. पोटातल्याला नाय."

ती बॅज पदराआड लावू लागली. त्याची छाती रिकामी आहे, हे पाहण्यासाठी कारखान्यात कोणी नेमलेले नव्हते. टॉवरच्या लहरी त्या बॅजला दिसतच नाहीत. त्याने नोंदले ते अंतराळातून येणारे किरण आणि विटा-मातीतला थोरियम. म्हणजे राजाला आणि भिकाऱ्याला सारखेच मिळणारे.

कोणाच्या बॅजवर किरणांचा किती डोस नोंदला गेला, त्याचा तिमाही निकाल आला. सर्वांत कमी डोस निलेशचा. टाळ्या झाल्या.

पुढच्याच आठवड्यात किरण सोडणारी कुपी तिच्या पेटीत परत न जाता नळीत अडकली. लांब चिमटा घेऊन कोणीतरी जवळ जाणे भाग होते.

"निलेश, तूच जा," मॅडम म्हणाल्या. "तुझा डोस सगळ्यांत कमी. वर्षाच्या मर्यादेपर्यंत तुला अजून भरपूर वाव आहे."

"जा बाबा," त्याचा सोबती मोरू हसला. "हुशार पोराला बक्षीस."

निलेश मॅडमच्या मागोमाग त्यांच्या खोलीत गेला. "मॅडम, माजा बॅज बायको लावते. तीन म्हैने."

मॅडमकडे भौतिकशास्त्राची पदवी होती. अर्थ त्यांना लगेच कळला. त्यांनी दार लावून घेतले. "बाहेर बोलू नकोस. नोंद स्वच्छ आहे, ती खराब कशाला करायची?"

"पन माज्या आंगात किती गेलाय?"

"नोंदीत आहे तेवढंच."

निलेशने थोडा विचार केला. "मंग आत नोंदीलाच पाठवा."

दुपारच्या आत त्याचा गेटपास रद्द झाला. कारण लिहिले होते, शिस्तभंग. निकालात त्याच्या खालोखाल कमी डोस मोरूचा होता. चिमटा त्याच्या हातात देण्यात आला. मोरूने तो घेतला आणि सवयीने शर्टाचा खिसा चाचपला. तिथे बॅज आहे की नाही, हे त्याला कोणी विचारले नाही.