दाण्याच्या मायची चूक

चतुराबाई गोठ्यातलं शेण काढत होती, तेवढ्यात तिचा दीर ग्यानबा बातमी घेऊन आला.

"वयनी, हकीमसाब गाव सोडून राहिले. गाडी भरून तयार हाय. हैदराबादला बायकोच्या भावाकडं चालले. आता परत येत न्हाईत म्हणतेत."

अठ्ठेचाळीस सालचा कार्तिक. पोलीस अॅक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन दोन महिने झाले होते. आखाडा बाळापुरात हकीम चाँद पाशांच्या केसाला कुणी धक्का लावला नव्हता, हे खरं. पण आसपासच्या गावांतून मुसलमानांवरच्या हल्ल्यांची रोज नवी बातमी कानावर येत असताना त्यांना "आमी हाओत" असं सांगायलाही कुणी गेलं नव्हतं, हेही तितकंच खरं. अशा वेळी माणसांना नेमकी फार कामं निघतात. चतुराबाईलाही निघाली होती.

तिनं हात धुतले, परसातल्या झाडाचं एक पिकलं डाळिंब तोडलं आणि भराभरा निघाली. हकीम गेले तर बाळापुरात राहिलं काय, असं तिच्या मनात येत होतं. तिची लेक तिला परत मिळाली ती या माणसाच्या एका गोष्टीमुळं.

दहा वर्षं झाली त्याला. तेव्हा बाजाराच्या दिवशी हकिमांच्या ओसरीवर मुंगीला शिरायला जागा नसायची. निम्मी माणसं दुखण्यासाठी यायची, निम्मी गोष्टीसाठी. आपली दवा यूनान देशातून, म्हणजे ग्रीसमधून आली, मग त्या देशाच्या जुन्या देवांच्या गोष्टी पुडीबरोबर द्यायला नकोत का, असं हकिमांचं म्हणणं. हातातला खलबत्ता चालायचा तोवर गोष्ट चालायची. काय एकेक देव ते! रुसायचे, भांडायचे, माणसांच्या संसारात नाक खुपसायचे. "हे तर आपल्या भावकीवानीच हायेत," ग्यानबा म्हणायचा, आणि ओसरी हसून लोटपोट व्हायची. सुंठ-बडीशेपेचा वास आला की चतुराबाईला अजून ते हसू ऐकू यायचं. किती चांगले दिवस होते ते.

एक मात्र होतं. दवा हकिमांची, पण ती घ्यायला पाणी आपल्या घरच्या तांब्यातलं. त्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी रीत. हकिमांनी कधी वाईट मानलं नाही. त्यांची बायको खुर्शीदबी पडद्याआडून बघायची. तिला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही.

त्या साली चतुराबाईला अन्न गोड लागत नव्हतं. तिची एकुलती एक लेक रूपा पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात दिलेली. ऐन लग्नात चतुराबाईची जीभ घसरली होती. "तुमच्या गावचं पाणी मचूळ, माझ्या लेकराला कसं मानवंल?" असं ती चारचौघांत बोलून बसली. विहीण द्वारकाबाईनं ते मनात धरलं आणि दोन वर्षं पोरीला माहेरी धाडलं नाही. हकिमांनी नाडी बघितली.

"बाई, ये तकलीफ पोटाची न्हाई," ते म्हणाले, आणि खलबत्ता पुढं ओढून त्यांनी गोष्ट सुरू केली.

यूनानात एक देवी होती, दाण्याची माय. तिची पोर पाताळाच्या राजानं पळवली. मायनं असा शोक मांडला की जमिनीतून एक कोंब वर येईना. माणसं उपाशी मरू लागली. देव घाबरले आणि पोर परत द्यायचं ठरलं. पण निघायच्या आधी पोरीनं त्या घरच्या डाळिंबाचे चार दाणे खाल्ले होते. जिथलं खाल्लं, तिथली झाली. म्हणून वर्षातले चार महिने ती पाताळात, बाकीचे मायपाशी.

मग अर्थ लावायची चढाओढ लागली. ग्यानबा म्हणाला, पोर म्हणजे पेरलेलं बी, मातीत गेल्याबिगर कणीस कुठलं? कुणी म्हणालं, पोरगी खाल्ल्या अन्नाला जागली. हकीम म्हणाले, "आमचे उस्ताद सांगायचे, मौतीसमोर देवालाबी अर्ध्यावर राजी व्हावं लागतं."

चतुराबाई एकदम म्हणाली, "चूक त्या मायची हाय. रडत काहून बसली? तिनंच पाताळात जाऊन चार दाणे खायचे व्हते. मंग ते घरबी तिचंच झालं असतं."

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. नातवंड होईस्तोवर आई लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती निघाली. नदी उतरून सांजेला लेकीच्या दारात पोचली. द्वारकाबाईनं तोंडदेखलं "बसा" म्हटलं.

"बसते, पण उपाशी आलीया इहीणबाई. भाकर वाढा. आन् आधी पाणी द्या, तुमच्या हिरीचं."

दोन तांबे पाणी ती घटाघटा प्यायली. मचूळच होतं, खोटं कशाला बोला! द्वारकाबाई बघतच राहिली. मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, "मीबी लईच ताणलं, बाई." आठ दिवसांत रूपा माहेरी आली, ती सासरच्या डाळिंबाचं रोप घेऊन. परसात लावलेल्या त्याच झाडाचं फळ आता चतुराबाईच्या हातात होतं.

हकिमांच्या दारात भावसिंग गाडीवान दोर आवळत होता. गाडीत बुरखा घेतलेली खुर्शीदबी मांडीशी सुरई धरून बसली होती. गल्ली दारादारांतून बघत होती. चतुराबाईनं डाळिंब फोडलं आणि दाणे हकिमांपुढं धरले.

"चार दाणे खाऊन जा, हकीमसाब. मंग परत यावंच लागंल."

हकीम हसले, पण त्यांचे डोळे भरून आले. "चाळीस बरस इथलंच खाल्लं, बाई. खाऊन माणूस बांधला जात असता, तर ही गाडी कशाला भरली असती?"

चतुराबाईचा हात तसाच पुढं, रस मनगटावरून ओघळतोय. मग तिला लाज वाटली, कान तापेपर्यंत. ओसरीवर त्या दिवशी अर्थ सांगितला होता कुणी? तिनंच ना? खायचं ते निघालेल्यानं नाही. ज्याला माणूस हवं असतं, त्यानं. ती लेकीसाठी नदी उतरून गेली, पण इतक्या वर्षांत ही चार हातांची ओसरी काही तिला ओलांडता आली नव्हती.

तिनं दाणे हकिमांच्या ओंजळीत ओतले आणि गाडीच्या मागं गेली.

"खुर्शीदबी, पाणी द्या. लई तहान लागली."

"तुमचा तांब्या?" खुर्शीदबीनं विचारलं.

"न्हाई आणला."

सुरईतलं पाणी कटोऱ्यात पडलं. सगळ्या गल्लीदेखत चतुराबाई ते प्यायली आणि कटोरा पुन्हा पुढं केला. खुर्शीदबीनं तो काठोकाठ भरला.

"अजी," ती नवऱ्याला म्हणाली, "सुरई नीचे उतारो. बाकी सामान का बाद में देखेंगे."

सुरई ओसरीवर गेली. मागून खलबत्ता गेला. "आता दोर सोडू का आवळू, सांगा तरी कुणी!" भावसिंग करवादला. चतुराबाईच्या मागोमाग आलेल्या ग्यानबानंच पुढं होऊन बैल सोडले.

पुढच्या बाजारी चतुराबाई दवेला गेली, तेव्हा तिचा तांब्या घरी फळीवरच होता.