घड्याळजींच्या नावावर

रविवारी सकाळची भांडी आवरली की सासूबाई चष्मा पुसत कॉम्प्युटरशेजारच्या खुर्चीत येऊन बसायच्या. "आज काय आलंय गं त्याच्यासाठी?" एवढंच विचारायच्या. मग सून श्रद्धांजलीचं पान उघडायची आणि कुठून कुठून आलेली चार वाक्यं मोठ्यानं वाचून दाखवायची.

त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, घड्याळं दुरुस्त करायचा. आठ महिन्यांपूर्वी दुकानात बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि गेला. गल्लीत त्याला ओळखणारी माणसं पन्नासेक असतील. त्या पानावर मात्र हजारोंनी हळहळ व्यक्त केली होती. 'घड्याळजी' या नावानं लिहिलेला त्याचा प्रोग्राम कितीतरी लहान इस्पितळांत चालत होता. तान्ह्या बाळाचं वजन घातलं की सलाइनचे थेंब मिनिटाला किती सोडायचे, ते तो सांगायचा. प्रोग्राम फुकट आणि त्याची ओळ न् ओळ सगळ्यांना उघडी. ज्याला कळतं त्यानं वाचावी, दुरुस्ती सुचवावी, प्रोग्राम सांभाळणाऱ्या मंडळातल्या जाणत्यांनी ती तपासून घ्यावी, असा मोकळा कारभार.

मोकळा म्हणजे कितपत मोकळा, ते सुनेला नऊ वर्षांपूर्वीच कळलं होतं. ती शाळेत गणित शिकवायची. स्वतःच्या नावानं पहिलं काम पाठवलं तेव्हा मंडळातल्या एकानं विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंत, की कुणी लिहून दिलं?" दुसरं काम पाच आठवडे तसंच पडून राहिलं. नवरा भला माणूस. हसत म्हणाला, "माझ्या नावानं टाकून बघ. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण नाव तर पुरुषाचं आहे." तेच काम तासाभरात घेतलं गेलं, वर शाबासकी. दोघं पोट धरून हसली. मग ते अंगवळणी पडलं आणि हसू कधी थांबलं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा मंडळाच्या मेळाव्यात तिनं लिहिलेलं भाषण त्यानं वाचलं, टाळ्या घेतल्या. मागच्या रांगेत बसलेल्या तिला एकानं विचारलं, "वहिनी, जेवणाची कुपनं तुमच्याकडेच का?"

आता तो नव्हता आणि तिच्या ओळींवर त्याचा फोटो लागला होता. पान वाचताना कधी कधी तिला आपलेच शब्द पाठीमागून त्याच्या आवाजात ऐकू यायचे. ती वळून बघायची नाही. ज्या कामासाठी लोक रडत होते ते करणारी जिवंत होती, आणि हे सांगायची सोय नव्हती. शेजारी त्याची आई डोळे टिपत असायची.

त्या रविवारी श्रद्धांजलीखाली एका परिचारिकेचं पत्र होतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ, वजन साडेपाचशे ग्रॅम, आणि प्रोग्रामनं थेंब जवळजवळ दुप्पट सांगितले. तिला शंका आली म्हणून तिनं कागदावर हिशेब केला आणि नळी बंद केली. बाळ वाचलं होतं.

सुनेनं लगेच प्रोग्राम उघडून पाहिला. किलोच्या आतलं वजन प्रोग्राम पूर्ण किलो धरत होता. चूक तिचीच, पहिल्या वर्षातली. दुपारपर्यंत तिनं दुरुस्ती केली, दहा वेळा तपासली आणि परिचारिकेचं पत्र जोडून स्वतःच्या नावानं पाठवली.

संध्याकाळी मंडळाच्या प्रमुखांचं उत्तर आलं, अगदी साखर पेरलेलं. "वहिनी, तुमची तळमळ समजते. पण परिचारिकांकडून वजन घालताना चुका होतात, हे नेहमीचंच आहे. शिवाय घड्याळजींच्या हातचं वर्षभर हलवायचं नाही असं आम्ही ठरवलंय. मदत करायचीच असेल तर माहितीपत्रकाचं शुद्धलेखन बघाल का? हां, त्यांच्या कॉम्प्युटरवर त्यांचं काही अर्धवट राहिलेलं सापडलं, तर मात्र जरूर पाठवा."

सोमवारी फळ्यावर गणित लिहिता लिहिता तिचा हात थांबला. कुठेतरी याच घटकेला साडेपाचशे ग्रॅमचं दुसरं बाळ असेल, आणि तिथली परिचारिका हिशेब करणारी नसेल. मधल्या सुट्टीत तिनं तीच दुरुस्ती पुन्हा पाठवली. वर लिहिलं, 'त्यांच्या कॉम्प्युटरवर सापडलं.'

वीस मिनिटांत काम झालं. खाली प्रमुखांनी लिहिलं, "गेल्यावरही बाळांची राखण करतोय आमचा घड्याळजी." त्याखाली लोक विचारू लागले, अजून काही सापडतंय का?

बाळांवरचं संकट टळलं म्हणून तिला हायसं वाटलं आणि मग भर दुपारी अंगावर काटा आला. जिवंत बाईवर बसला नाही तो विश्वास मेलेल्या माणसावर बसला होता. आता ती हो म्हणाली, तर तो असाच लिहीत राहणार होता आणि ती त्याची विधवा म्हणून शुद्धलेखन तपासणार होती. तिला त्याचा राग आला नाही. त्याची फार आठवण आली आणि भीतीही वाटली.

घरी येऊन ती सासूबाईंपुढे बसली.

"आई, तो प्रोग्राम त्यांनी लिहिलेला नाही. मी लिहिलाय."

"सगळा?"

"सगळा. त्यातली चूकसुद्धा माझीच. मी हे आज सगळ्यांना कळवणार आहे."

सासूबाईंनी चष्मा काढून हातात धरला. "मग माझ्याकडे त्याचं काय उरलं?"

"तो चांगला होता, आई."

"ते मला तू नको सांगूस." त्या उठून खोलीत गेल्या आणि दोन दिवस एक अक्षर बोलल्या नाहीत.

सुनेनं त्याच पानावर खरं ते लिहून टाकलं. एकानं लिहिलं, नवऱ्याला जाऊन वर्ष झालं नाही तोवर त्याचं नाव पुसायला निघाली. दुसऱ्यानं तिला विश्रांतीचा सल्ला दिला. दुसऱ्या दिवशी तिचं पत्र पानावरून नाहीसं झालं होतं.

बुधवारी संध्याकाळी प्रमुखांचा फोन आला, तोही सासूबाईंसाठी. त्या स्वयंपाकघरात टेबलाशी उभ्या राहिल्या. सुनेनं फोनचा आवाज मोठा करून दिला.

"काकू, वहिनींची मनःस्थिती ठीक नाही. ते पत्र आम्ही काढलंय. तुमच्या मुलाचं नाव तसंच राहील, काळजी करू नका. फक्त एकदा सांगा, की लिहिणारे तेच होते."

सासूबाईंनी फोन उचलून हातात घेतला. मग म्हणाल्या, "त्याला दोन ओळींचा निरोप लिहायला अर्धा तास लागायचा. ही लिहीत बसायची आणि तो हिचं ताट तिथं नेऊन द्यायचा. मी बघायचे. मला वाटायचं, शाळेचं काम असेल."

"काकू, नीट आठवून..."

"दोन दिवस तेच करतेय. माझ्या मुलानं यातलं काही लिहिलं नाही." त्यांनी सुनेकडे बघितलं. "हिनं लिहिलं."

"तुम्हाला यातलं तांत्रिक कळायचं नाही, काकू. तुमच्यावर कुणाचं दडपण तर..."

"हिनं सांगितलं तर हिचं डोकं ठिकाणावर नाही म्हणता. मी सांगते तर मला कळत नाही. ज्याचं तुम्ही ऐकाल तो मेलाय. त्याला मी कुठून आणू?"

सुनेनं खुर्ची पुढे सरकवली, पण सासूबाई बसल्या नाहीत. फोन हातात घट्ट धरून त्या उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.