उंचीचं काम

माझी आई पाट्या रंगवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. छापील फलक आले तेव्हा हा धंदा बसला असं सगळे म्हणत होते. आईचा नाही बसला. तिच्या हातचं अक्षर भिंतीवर चिकटवल्यासारखं दिसत नाही, भिंतीतूनच वर आल्यासारखं दिसतं. लहानपणी शाळेतून येताना मी मैत्रिणींना रस्ताभर बोटं दाखवत यायची. "ही आईची. ती पण आईची. ती वरची निळी? तीसुद्धा." मैत्रिणी कंटाळायच्या, मी नाही.

माझं लग्न व्हायच्या आधी आईच्या हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. मनगटातून बारीक नळी घालून त्या उघडल्या आणि आत दोन स्टेंट बसवले. शुद्धीवरच होती ती. डॉक्टरांनी बॉलपेनातल्या स्प्रिंगएवढी जाळी हातात धरून दाखवली, तर म्हणते कशी, "म्हणजे आतून परांची बांधलीत मला. बांधा, बांधा. फक्त काम झाल्यावर काढायला विसरू नका." ती काढत नाहीत, जन्मभर तिथेच राहते, हे कळल्यावर तिला फार आवडलं. जन्मभराचं काम तिला कुणाचंही आवडतं.

त्याच इस्पितळात पुढे मला नोकरी लागली, आणि कामही तसंच मिळालं. ज्यांच्या रक्तवाहिन्या कधीकाळी उघडल्या, त्यांना वर्षानुवर्षं फोन करत राहायचं. ऑपरेशनच्या टेबलावर उघडलेल्या वाहिनीतून रक्त वाहायला लागलं की डॉक्टरांचं काम फत्ते झालेलं दिसतं. पण पुढे काय? माणूस जिना चढतो का, नातवाला उचलतो का, छातीत पुन्हा धरतं का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि विचारलं तरी कळत नाही, कारण सगळे म्हणतात, "मजेत!"

मला शिकवलं ते आमच्या मोठ्या सिस्टरनी. "कसे आहात, असं विचारायचंच नाही," त्या म्हणाल्या. "त्याला लोक 'बरं आहे' म्हणतात, ती सवय आहे, उत्तर नव्हे. काय करायचं सोडलंत, ते विचार."

जादू आहे त्या प्रश्नात. एक आजोबा ठणठणीत होते, फक्त मित्राकडे पत्ते कुटायला जायचे बंद झाले होते. का? मित्राचं घर चढावर होतं. एका बाईंनी पलंग वरच्या मजल्यावरून खाली आणला होता. का, तर म्हणे खाली उजेड छान येतो. माणूस दुखणं सांगत नाही, दुखण्याला वळसा घालून जातो. आणि काही दिवसांनी तो वळसाच त्याला रस्ता वाटायला लागतो.

आईसुद्धा आमच्या यादीत होती, पण नात्यातल्या माणसाला फोन करायचा नाही हा नियम. म्हणून तिला माझा सहकारी फोन करायचा. त्याच्या खर्जातल्या आवाजामुळे त्याला आम्ही 'रेडिओ' म्हणतो.

त्या सकाळी त्याचा फोन आला तेव्हा आई माझ्याकडेच होती. मी घरूनच काम करत होते, आणि आमची बेडकुली, म्हणजे माझी लेक, आजीच्या मांडीवर बसून तिचा चष्मा चाटत होती.

"एकदम ठणठणीत!" आई फोनवर सांगत होती. "छातीत? छे हो. जिना? धावत चढते. तुमचा आवाज काय छान आहे, गाता का तुम्ही?"

मी आतल्या खोलीत हसत होते. आणि हसता हसता थांबले. आई जिना धावत चढते? काल आमच्या जिन्यात ती मधेच थांबून शेजाऱ्यांच्या कुंड्यांचं कौतुक करत होती. परवाही करत होती. त्या कुंड्यांत कौतुक करण्यासारखं काही नाही.

मी बाहेर आले. "आई, एक विचारू?"

"विचार. हिचं तोंड पूस आधी."

"तू हल्ली काय काय करायचं सोडलंस?"

"मी कशाला काय सोडीन?"

"उंचीची कामं पुढे ढकलतेस. नुसती काचेची करतेस, बसल्या बसल्या."

"काचेचं काम नाजूक असतं, मला आवडतं."

"शिडी गॅलरीत पडून आहे. वर कपडे वाळतायत."

आई बेडकुलीच्या टाळूवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तू मला पेशंटसारखं विचारू नकोस हं."

"लेकीसारखं विचारलं की तू खोटं बोलतेस."

ती हसली, पण डोळ्यांनी नाही. "शिडीवर चढले की घशापाशी आवळल्यासारखं होतं. रंगाचा वास बाधत असेल. डावा खांदा भरून येतो. खाली येऊन टेकले की मोकळं वाटतं. त्यात काय? वय झालं."

हे शब्द मी रोज ऐकते. अनोळखी माणसांच्या तोंडून ऐकते तेव्हा ते लिहून घेते आणि पुढचा प्रश्न विचारते.

"मग रेडिओला का नाही सांगितलंस?"

"भिंत जाईल म्हणून," ती एकदम म्हणाली.

भिंत म्हणजे वाचनालयाची. नव्या इमारतीची रस्त्याकडची अख्खी भिंत, आणि तिच्यावर वाचनालयाचं नाव, एकेक अक्षर माणसाच्या उंचीचं. असं काम तिला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. आठवडाभर ती ओल्या बोटाने टेबलावर, पेनाने वर्तमानपत्रांच्या कडेला तीच अक्षरं गिरवत होती.

"तुम्ही सगळे मिळून मला खुर्चीत बसवाल," ती म्हणाली. "मागच्या वेळी वर्षभर मला दुधाची पिशवीसुद्धा उचलू दिली नव्हती. या वेळी बसले तर मी उठायची नाही, सांगून ठेवते."

"भिंत मी घालवणार नाही," मी म्हटलं. "पण आधी तपासणी. आजच्या आज."

तिने बेडकुलीला मांडीवर नीट बसवलं. मग स्वतःच फोन उचलला आणि वाचनालयाच्या ग्रंथपालांना लावला. मला वाटलं काहीतरी सबब सांगेल. पण नाही.

"नमस्कार, पाटीवाल्या बाई बोलतेय. हे बघा, माझ्या हृदयाची डागडुजी निघालीय बहुतेक. झाली की भिंत करते. थांबता येत नसेल तर दुसऱ्याला द्या, मी रागावणार नाही." थोडं ऐकून घेतलं. "नाही, नुसतं चित्र काढून देणार नाही. केलं तर सगळं माझ्या हाताने."

फोन ठेवला. "समितीला विचारून सांगतो म्हणाले." आणि पदराने बेडकुलीचं नाक पुसत म्हणाली, "चल, कुठे न्यायचं ते ने."

ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालायची परीक्षा आमच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मधेच थांबवली. नंतर तिच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांनी मला पडद्यावरचं चित्र दाखवायला आत बोलावलं. आधी जुने दोन स्टेंट. रक्त त्यांच्यातून असं सुळकन जात होतं की शिकाऊ डॉक्टरांनाही त्यांनी हाक मारली. "या, बघा. इतक्या वर्षांनंतर! गोळी चुकवली नसणार यांनी."

"एकही नाही," आई टेबलावरून म्हणाली. पाटीचं कुणी कौतुक केलं की तिचा चेहरा होतो, तसाच झाला होता. "मग गडबड कुठे आहे?"

गडबड तिसऱ्याच वाहिनीत होती. चांगली अरुंद झाली होती.

"दोन नीट ठेवल्या तर ही का बिघडली?" आईने तक्रारीच्या सुरात विचारलं.

"स्टेंट बसतो तेवढीच जागा उघडी धरतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजार सगळ्या वाहिन्यांचा असतो. एक भिंत रंगवली म्हणून घराची ओल जाते का?"

"हां," आई म्हणाली. "असं सांगा की. ओल आहे."

तिथेही स्टेंट बसला. गोळ्या बदलल्या, वाढल्या. मी रेडिओला सांगितलं की आईचं उत्तर दुरुस्त कर, तिने तुला ठोकून दिलं होतं. तो म्हणाला, "माझ्याकडे सगळ्याच आया ठणठणीत असतात. आता मी पण तुझा तो 'काय सोडलंत' प्रश्न विचारतो. आणि त्यांना सांग, मी गात नाही."

ग्रंथपालांचा निरोप इस्पितळातून घरी येताना आला. समिती थांबायला तयार होती, मात्र इमारत उघडायच्या आत भिंत पुरी व्हायला हवी. आईने रस्त्यातच बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि चालायचा वेग वाढवला. मी तिला मागे ओढलं.

मग ती चालली. रोज, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेवढंच, हळूहळू वाढवत. आमच्या जिन्यात ती आता कुंड्यांकडे बघतही नव्हती. शेजारीणबाईंना वाटलं काही बिनसलंय.

विरोध केला तो माझ्या नवऱ्याने. बिचारा मायेपोटीच. "आई, तुम्ही खाली उभ्या राहून सांगा ना. वर पोरं चढतील, तुम्ही म्हणाल तसं रंगवतील."

"जावईबापू, तुम्ही शेजारी उभं राहून सांगितलंत आणि सही मी केली, तर तुमची बँक ऐकेल का?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे. दुसऱ्या दिवशी तोच जाऊन परांची बांधणाऱ्यांशी भांडून आला, कठडा दोन्ही बाजूंनी हवा म्हणून.

पट्ट्यावरची परीक्षा आईने पुन्हा दिली आणि या वेळी ती शेवटपर्यंत चालली. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, अटींसकट. शिडी नाही, कठड्याची पायऱ्यांची परांची. खाली माणूस हवं. जरा आवळलं की काम थांबवायचं आणि लपवायचं नाही. शेवटची अट त्यांनी दोनदा सांगितली. आईने दोन्ही वेळा मान हलवली.

ती वर चढली त्या दिवशी खालचं माणूस मी होते, बेडकुलीला पोटाशी बांधून. आई एकेक पायरी सावकाश चढत होती. मधल्या टप्प्यावर थांबली. मी खालच्या पायरीवर पाय ठेवला. तिने खाली बघून स्पष्ट सांगितलं, "दम घेतेय. आवळत नाहीये. दम वेगळा, आवळणं वेगळं, तूच शिकवलंस." आणि पुढे गेली.

खडूची दोरी ताणून तिने भिंतभर रेघ मारली. मग पहिलं अक्षर सुरू झालं. रस्त्यावरची माणसं थांबायला लागली. एक बाई भाजीची पिशवी खाली ठेवून उभीच राहिली. "अगंबाई, या वयात? काही दुखत-बिखत नाही का त्यांना?"

"हृदयात तीन स्टेंट आहेत," मी म्हटलं. मला काही लपवायचं नव्हतं. उलट ते सांगताना माझी मान आपोआप ताठ झाली.

बाईंनी डोळे मोठे केले आणि पुन्हा वर बघितलं, जरा जास्त वेळ.

काही दिवसांनी शेवटचं अक्षर झालं. आई कठड्याला धरून मागे वळली. चेहऱ्यावर निळ्या रंगाचे शिंतोडे, चष्मा डोक्यावर.

"पलीकडच्या फुटपाथवर जा," ती ओरडली. "तिथून बघून सांग, ओळ उतरलीय का कुठे?"

मी रस्ता ओलांडला. वळून बघितलं आणि नुसती बघतच राहिले. अख्खी भिंत बोलत होती, आणि तिच्यासमोर आई एवढीशी दिसत होती.

"अगं बोल की! उतरलीय का?"

"सुतभरही नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की बेडकुली दचकून जागी झाली आणि रस्त्यातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मग ठीक आहे," आई वरून म्हणाली, आणि एकेक पायरी, घाई न करता, उतरायला लागली.